तुम्ही विचारलंत म्हणून: ‘इतकी औषधं झाली, तरी सर्दी का जात नाही?’

कारण ती सर्दी नाहीच, अलर्जी आहे. सर्दी विषाणूंची असते. घसा धरतो, कणकण येते, आठ-दहा दिवसांत उतरते. मला ताप नसतो. सकाळी उठल्याबरोबर ओळीने शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, आणि नाकाला, डोळ्यांना, टाळूला खाज. खाजेबद्दल कितीतरी वर्षं कुणी विचारलंच नाही. शेंबूड पिवळा दिसला की अँटिबायोटिक. नुसत्या पिवळ्या-हिरव्या रंगावरून जिवाणू ठरत नाहीत हो! दहा दिवसांनीही उतार नसेल, किंवा बरं वाटून पुन्हा ताप येऊन गाल-कपाळ ठणकलं, तर सायनसची शंका घ्यायची.

मग तुम्ही म्हणता, ‘सोलापूरच्या पूर्व भागात राहता, खाली माग, सुताची धूळच असणार.’ मीही तेच म्हणायचे, आणि अप्पांचा चेहरा उतरायचा. त्यांच्या त्याच मागांवरच्या टॉवेलांवर आम्ही भावंडं शिकलो.

शेवटी एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कातडीवरची चाचणी सांगितली. त्याआधी आठवडाभर अलर्जीच्या गोळ्या बंद. नाहीतर निकाल फसवा येतो. तो आठवडा मी बसून झोपले. हातावर संशयित गोष्टींच्या थेंबांची रांग, प्रत्येक थेंबातून सुईचं हलकं टोचणं. एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे अलर्जीत खाज आणणाऱ्या रसायनाचा, एक साध्या सलाइनचा, तुलनेसाठी. पंधरा मिनिटं खाजवायचं नाही. धुळीतल्या किड्यांच्या थेंबाखाली गांधी उठली, मोजली, अलर्जी धरायच्या तीन मिलिमीटरच्या बरीच वर. हे किडे अंथरुणात राहतात, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. डोळ्यांना दिसत नाहीत. अप्पा इतका वेळ गप्प होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘सूत नाही ना निघालं त्यात, डॉक्टरसाहेब?’ मला त्यांच्याकडे बघवेना.

डॉक्टर खरं बोलले. म्हणाले, सुताचा थेंब यात नव्हताच. आणि अलर्जी नसतानाही धूळ नाकाला चिडवू शकते, ते या चाचणीत दिसत नाही. अप्पांनी पहिलाच अर्धा भाग ऐकला. मी दोन्ही ऐकले.

आता चादरी-अभ्रे कडकडीत पाण्यात धुते, नाकात स्टेरॉइडचा फवारा रोज मारते. त्याचा पूर्ण गुण यायला दिवस लागतात. नाक झटकन मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपुढे घेत नाही, त्यानेच नाक उलट चोंदतं. शिंका कमी झाल्यात, थांबल्या नाहीत. माग चालू असताना जास्त येतात का, ते मी मोजते आहे. अप्पांना सांगितलेलं नाही.