हवा आत येत होती, बाहेर जात नव्हती

मिशिगनमधील एका प्रयोगशाळेत मी मोटारींच्या रेडिएटरची चाचणी घेण्याचे काम करतो. विमानाशी आमचा संबंध क्वचितच येतो. म्हणून एका निवृत्त यंत्रकारागिराने स्वतःच्या हातांनी बांधलेल्या विमानाचा रेडिएटर तपासणीसाठी आमच्याकडे पाठवला, तेव्हा ते काम मी आग्रहाने मागून घेतले. त्या दोन आसनी विमानात विमानासाठी प्रमाणित केलेले इंजिन नव्हते, माझदाच्या मोटारीतील १३बी हे रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणारे, इंजिन होते. आटोपशीर आणि अतिशय कमी थरथरणारे हे इंजिन तापलेले मात्र अजिबात सहन करत नाही. त्याच्या बीडाच्या भिंतींमध्ये अॅल्युमिनियमची रोटर हाउसिंग बसवलेली असतात. इंजिन फाजील तापले की हे दोन धातू कमीअधिक प्रसरण पावतात आणि त्यांच्यामधली कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, रबरी सील निकामी होतात.

मालकांची तक्रार स्पष्ट होती. उड्डाण केल्यावर पंधराशे फूट चढेपर्यंत कूलंटचे तापमान १०४ अंश सेल्सिअसला पोहोचत असे आणि त्यांना चढणे थांबवून विमान आडवे धरावे लागत असे. हवा आत घेणारे तोंड त्यांनी दोनदा कापून मोठे केले होते, तरी काडीचा फरक पडला नव्हता. त्यामुळे रेडिएटरच अपुरा असावा, अशी त्यांची खात्री झाली होती.

आमच्या चाचणीत रेडिएटर निर्दोष निघाला. त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंत ५० मिलिमीटर पाण्याइतका, म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलणारा, दाबफरक ठेवला, तर चढणीत इंजिनाच्या कूलंटमध्ये येणारी सगळी उष्णता तो सहज बाहेर टाकत होता. तसा अहवाल पाठवून मोकळे होता आले असते, पण त्यामुळे त्या गृहस्थांचा प्रश्न सुटणार नव्हता. वरिष्ठांची परवानगी घेऊन जूनमधल्या एका सकाळी मी त्यांच्या हँगरवर गेलो.

लहानपणी खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या वाफाळत्या ट्रकांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. इंजिन पूर्ण ताकदीने चालते आहे आणि वेग मात्र नाही, ही घाटातली स्थिती विमानाला प्रत्येक उड्डाणात चढताना येते. ते विमान ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने चढत असे. या वेगाची हवा पूर्ण अडवली, तर त्या दिवशीच्या उकाड्यात जेमतेम ११५ मिलिमीटर पाण्याइतका दाब मिळाला असता. एवढ्याच भांडवलावर हवेला रेडिएटरच्या दाट पत्र्यांमधून ढकलायचे होते, म्हणून हा दाब नेमका कोठे खर्ची पडतो हे मोजणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले.

पारदर्शक नळी, रंगीत पाणी आणि मिलिमीटरची पट्टी यांपासून आम्ही दाब मोजणारे दोन मॅनोमीटर तयार केले. टोक बंद केलेल्या तांब्याच्या बारीक नळ्यांना सुईएवढी भोके पाडून एक नळी रेडिएटरच्या पुढे आणि एक मागे बसवली. मॅनोमीटरचे दुसरे टोक कॉकपिटमध्ये मोकळे सोडण्याचा मोह होतो, पण तेथील दाब बाहेरच्या दाबाइतका नसतो. म्हणून ती टोके विमानाच्या स्टॅटिक लाइनला, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब आणणाऱ्या नळीला, जोडली आणि सांधा गळत नाही ना, हे दोनदा तपासले, कारण उंची आणि वेग दाखवणारी उपकरणे त्याच लाइनवर चालतात. अप्रमाणित इंजिनाच्या अशा विमानाला अमेरिकेत सहसा एकूण ४० तासांची चाचणी उड्डाणे करावी लागतात आणि त्या काळात प्रवासी नेता येत नाही. त्यामुळे मॅनोमीटरसमोर छोटा कॅमेरा बसवून मी धावपट्टीच्या कडेला थांबलो.

विमान उतरल्यावर आम्ही दोघांनी चित्रण पाहिले. रेडिएटरच्या पुढे ९५ मिलिमीटर दाब होता, म्हणजे हवा आत आणणारा मार्ग, डक्ट, आपले काम उत्तम करत होता. मागे मात्र ७० होता. हवेला पुढे ढकलणारा फरक उरला होता अवघा २५ मिलिमीटरचा! कोंडी दाराशी नव्हती, परसदाराशी होती. काउलिंगखालच्या, म्हणजे इंजिनावरील पत्र्याच्या आवरणाखालच्या, निर्गममार्गात एक्झॉस्टच्या नळ्या आडव्या येत होत्या, ऑइल कूलरची गरम हवाही तेथेच सोडलेली होती, आणि या सगळ्या हवेला इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीच्या, म्हणजे फायरवॉलच्या, धारदार खालच्या कडेवरून काटकोनात वळून बाहेर पडायचे होते.

हँगरच्या भिंतीवर दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानाचे छायाचित्र होते. "त्याचे तोंड तर केवढे लहान आहे," मालक त्याकडे पाहत म्हणाले. मी त्यांना त्याच्या पोटाखालची मागची झडप दाखवली. रेडिएटरमध्ये तापलेली हवा नीट मागे सोडली, तर शीतकरणामुळे होणारा हवेचा रोध बराचसा भरून निघतो, हे ब्रिटिश अभियंते मेरेडिथ यांनी १९३५ मध्येच मांडले होते. मस्टँगच्या रचनेत रेडिएटरमागच्या भागाला म्हणूनच इतके महत्त्व आहे.

दुपारभर आम्ही काउलिंगची मागची खालची कड कापून तेथे उतरता अॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने बसवला आणि फायरवॉलच्या कडेला गोलाई दिली. पत्रा वाकवण्यातली त्यांची सफाई पाहणे हाच एक आनंद होता. संध्याकाळच्या उड्डाणात पुढचा दाब ८८ आणि मागचा ३२ मिलिमीटर भरला. फरक ५६ झाला. प्रवाह साधारण दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे हवेचा प्रवाह अंदाजे दीडपट झाला. संध्याकाळी हवा सकाळच्यापेक्षा गरम होती, तरीही तापमान ९३ अंशांवर स्थिरावले आणि तीन हजार फुटांपर्यंत तेथेच राहिले.

मग मी त्यांना पुढचे तोंड पत्र्याने आणि टेपने मूळ मापाइतके लहान करायला सांगितले. ते क्षणभर थांबले, कारण तेच तोंड मोठे करण्यात त्यांचे दोन आठवडे गेले होते. पण काही न बोलता त्यांनी कात्री हातात घेतली. तिसऱ्या उड्डाणात तापमान ९४ होते. मी नळ्या काढायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि चाळीस तास पूर्ण होईपर्यंत त्या तशाच राहू द्या, म्हणाले.