नरगुंदची वेस आणि १८+ चा शिक्का

गूगल प्लेवर गेम ठेवायचा तर वयोगटाचा शिक्का लागतो. शिक्का नसलेला गेम तिथं राहत नाही. पैसे पडत नाहीत, कुठल्या ऑफिसात जावं लागत नाही. एक प्रश्नावली भरायची, लगेच निकाल. आमचा गेम मात्र १८५८ च्या नरगुंदच्या बंडावरचा आहे, आणि त्या प्रश्नावलीनं आमचा निम्मा गेम पुन्हा बांधायला लावला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं हल्ली गेम बनवायला शिकतायत. त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात पहिला विषय इतिहासाचाच असतो. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी तो इतिहास. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे. पोटी मुलगा नव्हता, आणि दत्तक घ्यायला कंपनी सरकारनं परवानगी नाकारली. त्यात हत्यारं जमा करायचा हुकूम आला. मे १८५८ च्या अखेरीस दक्षिण मराठा मुलखाचा पोलिटिकल एजंट मॅन्सन सुरेबानला मुक्कामाला होता. हे गाव आज आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात आहे. बाबासाहेबांच्या माणसांनी रात्री तळावर छापा घातला. मॅन्सन मारला गेला, त्याचं शीर कापून नेऊन नरगुंदच्या वेशीवर टांगलं. पुढच्या काही दिवसांतच इंग्रजी फौजेनं नरगुंद घेतलं. बाबासाहेब तोरगलच्या रानात सापडले आणि जूनमध्ये त्यांना बेळगावात फाशी दिलं. घरातल्या बायकांनी मलप्रभेत जीव दिला.

पंधरा-वीस दिवसांत घडून गेलेली गोष्ट आहे ही. आमच्या गावात फाशी झालेल्या माणसाची. तरी शाळेत कधी कुणी सांगितली नाही. गेम करायचा तो यावरच, हे मी आणि माझ्या मावसभावानं ठरवलं होतं. चित्रं त्याची, प्रोग्रॅमिंग माझं. रामदुर्गचा एक मित्र कन्नड मजकूर बघायचा, कारण नरगुंद आज गदग जिल्ह्यात आहे आणि तिथल्या पोरांना हा गेम त्यांच्या भाषेत मिळायलाच हवा.

आता प्रश्नावली. ती आयएआरसी या संस्थेची. २०१३ साली वेगवेगळ्या देशांच्या मानांकन मंडळांनी एकत्र येऊन ती उभी केली आणि २०१५ पासून गूगल प्ले ती वापरतं. उत्तरं एकदाच द्यायची, निकाल मात्र देशागणिक वेगळा: अमेरिकेसाठी ईएसआरबीचा, युरोपातल्या बहुतेक देशांसाठी पेगीचा, जर्मनीसाठी यूएसकेचा, शिवाय ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाचे आपापले. भारतात गेमसाठी असं सरकारी मंडळ नाही. सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, आणि २०२४ पासून त्यांच्या यूए प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ असे भाग झालेत. गेमला त्यातलं काही लागू होत नाही. म्हणून आपल्याकडे आयएआरसीचा सर्वसाधारण शिक्का दिसतो: ३+, ७+, १२+, १६+, १८+.

सुरुवातीचे प्रश्न सरळ असतात. ईमेल द्या, गेम आहे की दुसरं काही ते सांगा. मग हिंसा, भीती, लैंगिक मजकूर, जुगार, शिव्या, दारू-तंबाखू. निपाणीच्या माझ्या भावानं शिबंदीतल्या प्रत्येक शिपायाच्या कमरेला चंची काढली होती आणि एक म्हातारा सरदार सतत चिलीम ओढत बसलेला. तंबाखूच्या प्रश्नाला ‘हो’ आलं. शिव्यांच्या प्रश्नालाही ‘हो’. शिवी मराठीत असो की कन्नडमध्ये, ती मोजायची. ‘इंग्रजी येणाऱ्याला कळणार नाही’ ही पळवाट शोधू नका.

एक प्रश्न जर्मनीसाठी असतो: नाझी चिन्हं आहेत का. आमच्या वाड्याच्या उंबऱ्यावर रांगोळीत स्वस्तिक होतं. भाऊ घाबरला, म्हणाला काढून टाकतो. मी काढू दिलं नाही. प्रश्न नाझी चिन्हांचा आहे, आणि १८५८ च्या ब्राह्मणी वाड्याच्या उंबऱ्यावर स्वस्तिक नसेल तर काय असेल? उत्तर ‘नाही’ दिलं आणि रांगोळी राहिली.

खरी गाडी अडली ती हिंसेच्या भागात. माणसं आहेत की काल्पनिक प्राणी? दिसायला खऱ्यासारखं आहे का? रक्त दिसतं का? अवयव तुटलेले दिसतात का? समोरचा निःशस्त्र, हतबल आहे का? सगळी उत्तरं जशी होती तशी दिली. निकालाच्या पानावर आपल्याकडचा शिक्का आला १८+.

हे पान नीट समजून घ्या. शेवटचं बटण दाबण्याआधी निकाल दिसतो, आणि मागे जाऊन उत्तर बदलता येतं. मोह तिथंच होतो. आम्ही सल्ला विचारलेल्या एका माणसानं सरळ सांगितलं, “रक्ताला नाही म्हणा, एवढं कोण बघतंय?” बघतात. चुकीची माहिती दिली तर शिक्का बदलतो, गेम काढून टाकला जाऊ शकतो. पण ते दूर राहू द्या. ज्या आईबापांनी शिक्क्यावर भरवसा ठेवून पोराच्या हातात गेम दिला, त्यांना आपण फसवतो. बाबासाहेबांची गोष्ट खोट्या कागदावर पुढं न्यायची नव्हती मला.

मग एक-एक निकष काढून वाचायला बसलो. पेगीचे निकष सगळ्यात स्पष्ट लिहिलेले आहेत. माणसासारख्या पात्रांवरची, पण खरी न वाटणारी हिंसा असेल तर १२. खऱ्या आयुष्यात दिसेल तशी दिसली तर १६. किळसवाणी हिंसा, कारणाशिवाय केलेली हत्या, किंवा हतबल माणसावरची हिंसा असेल तर १८. हे वाचल्यावर कळलं की आम्ही ज्याला घाबरत होतो ती लढाई मुळात अडचणीची नव्हतीच. अडचण दोन ठिकाणी होती: सुरेबानच्या तळावर कापलेलं शीर, आणि बेळगावात हात बांधून फाशी दिलेला माणूस. एक आमच्या बाजूनं केलेलं, दुसरं आमच्या माणसावर झालेलं. निकषांच्या लेखी दोन्ही एकाच रांगेत.

भाऊ यावर चिडला. “फाशी आणि मुंडकं एकच व्हय? त्यांनी आपल्या माणसाला मारलं ते दाखवायचं नाही तर गेम कशाला?” मला मात्र तो निकष पटला, आणि अजून पटतो. कोण बरोबर होतं याचा निवाडा शिक्का देत नाही. पडद्यावर काय दिसणार, एवढंच तो सांगतो. दहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांना फासावर लोंबणारा माणूस सारखाच दिसतो, मग तो संस्थानिक असो की साहेब. न्याय-अन्याय समजावणं हे गोष्टीचं काम, घरच्यांचं काम.

याच दरम्यान इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या शेजारच्या सरांना गेम दाखवला. सर म्हणाले, “बाळा, वेशीवरचं मुंडकं काढ. आपल्या वीराबद्दल पोरांच्या मनात किंतू नको.” त्यानंतर शिवजयंतीच्या चित्ररथात दरवर्षी काम करणारा एक मंडळाचा दादा आला. तो म्हणाला, “काढू नका, जवळून दाखवा! रक्त ठिबकतंय असं दाखवा!” दोघांचंही प्रेम खरं होतं. आमच्याकडं वैशाखातल्या त्या मिरवणुकीत कोथळा काढण्याचा प्रसंग लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसून बघतात, त्यामुळं दादाचं म्हणणं मला परकं नव्हतं. पण चित्ररथ समोरून निघून जातो, आणि त्यात वार करणारा हात दुसऱ्याचा असतो. गेममध्ये तो हात पोराचा स्वतःचा. तेच बटण ते पुन्हा पुन्हा दाबतं. हा फरक मला मोठा वाटतो.

सरांचंही ऐकलं नाही. शीर काढून टाकलं तर नरगुंद एवढ्या त्वेषानं का चिरडलं गेलं ते कळणार नाही, आणि बंड म्हणजे नुसती घोषणा आणि भगवा झेंडा असं पोरांना वाटेल. जे घडलं ते घडलं. ते लपवायचं नाही, मिटक्या मारत दाखवायचंही नाही, असं आमचं ठरलं.

भावानं आणखी एक वाट सुचवली. टोटल वॉर या मालिकेच्या शोगन २ मध्ये रक्त वेगळं विकलं होतं. मूळ गेमला ईएसआरबीचा टीन म्हणजे १३ वर्षांपुढचा शिक्का, आणि रक्त हवं त्यानं वेगळे पैसे देऊन ते घ्यायचं. धंद्याच्या दृष्टीनं हुशारी आहे. पण नरगुंदच्या माणसांचं रक्त वेगळ्या किमतीला विकायची कल्पना मला सहन झाली नाही, आणि तो विषय तिथंच संपला.

मग बदल केले. सुरेबानचा छापा खेळणाऱ्याच्या हातून काढून घेतला. आता तो प्रसंग तळावरच्या एका मशालजीच्या तोंडून ऐकू येतो आणि पडदा जवळजवळ काळा असतो. वेशीच्या दृश्यात वर काय टांगलंय ते दिसत नाही. दिसतात ती वेशीखाली थांबलेली माणसं, वर बघणारी, कुणी हात जोडलेला, कुणी पोराचे डोळे झाकलेले. भावानं ते चित्र कितीतरी वेळा काढलं, आणि शीर दाखवणाऱ्या पहिल्या चित्रापेक्षा ते अंगावर येतं. फाशीच्या जागी बेळगावच्या रस्त्यावरून चालत नेलेले बाबासाहेब आहेत, आणि त्यानंतर तारीख. मलप्रभेचा प्रसंग दोन ओळींच्या मजकुरात ठेवला.

लढाईत मात्र एक गोष्ट सोडली नाही. मेलेला माणूस दोन सेकंदांत गायब व्हावा, अशी सोय बहुतेक गेममध्ये असते. तसं केलं असतं आणि माणसं थोडी बाहुल्यांसारखी काढली असती, तर १२+ मिळाला असता. पोरं मोबाइलवर बीजीएमआय हा बंदुकांच्या लढाईचा गेम खेळतात, त्यात गोळी लागल्यावर हिरवा रंग उडतो. तिथं ते चालतं, कारण ते बेटही खोटं आणि लढाईही खोटी. नरगुंदला हिरवं रक्त मी देऊ शकत नव्हतो. आमच्या गेममध्ये पडलेला शिपाई लढाई संपेपर्यंत तिथंच पडून राहतो, आणि पुढची तुकडी त्याला ओलांडून जाते. रक्त थोडं आहे, पण लालच आहे. त्याची किंमत म्हणून १६+ चा शिक्का आला. तो घेतला, बटण दाबलं, प्रमाणपत्र ईमेलवर आलं. निकाल पटला नाही तर दाद कुठं मागायची तेही त्यात असतं. आम्हाला दाद मागायची नव्हती.

पुढं तीन गोष्टी अशा आहेत, ज्यांत नवी मुलं अडकतात.

शिक्का वेगळा आणि ‘गेम कोणासाठी बनवलाय’ हा प्रश्न वेगळा. दुसऱ्या प्रश्नात वयोगट निवडायचे असतात, आणि १३ खालचा गट निवडला की लहान मुलांसाठीचे जाहिरातींचे आणि माहिती गोळा करण्याचे कडक नियम लागू होतात. पोरं खेळतीलच म्हणून सगळे गट निवडू नका.

गूगल प्लेवर गेमच्या पानावर असतात ती चित्रं सगळ्या वयाच्या लोकांना दिसतात. गेमचा शिक्का कितीही मोठा असला तरी तिथं रक्ताळलेली तलवार चालत नाही. आम्ही नरगुंदचा डोंगर आणि वेस ठेवली.

आणि नव्या वैयक्तिक खात्याला गेम खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आमचे चाचणीवाले म्हणजे आत्येभाऊ, वहिनी, शहापूरचे मित्र, रामदुर्गच्या मित्राच्या वर्गातले सोबती. मध्येच कुणी गळू नये म्हणून रोज संध्याकाळी फोन. वहिनी सगळ्यात नेमानं खेळल्या, आणि वेशीच्या दृश्यातल्या आईचा पदर चुकीच्या खांद्यावर आहे हे त्यांनीच दाखवलं.

आईवडिलांसाठी एवढंच सांगायचंय. भारतात हा आकडा आपण होऊन कुणाला अडवत नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये कुटुंबाच्या भागात पालकांचं नियंत्रण असतं. ते सुरू करून पिन घातला आणि वय निवडलं, की त्यावरचे गेम त्या फोनवर उतरवता येत नाहीत. आमच्या गल्लीत घरोघरी पोरांच्या हातात बापाचाच फोन असतो, आणि एकाही घरात हे सुरू नव्हतं. मी स्वतः बसून काही जणांना लावून दिलं. त्यामुळं आमचाच गेम त्या फोनवर उतरत नाही. एका मामींनी विचारलं, “तुझाच गेम बंद करतोयस व्हय?” म्हटलं, मामी, सातवीतल्यासाठी तो नाहीच. दहावीनंतर द्या, आणि पहिल्यांदा खेळेल तेव्हा शेजारी बसा.

सातवी-आठवीच्या मुलांसाठी वेगळी आवृत्ती करतोय. तिच्यात लढाई नाही. सुरेबान ते नरगुंद चालत जायचं, वाड्यात फिरायचं, हुकुमाचे कागद वाचायचे, माणसांशी बोलायचं. तिची प्रश्नावली वेगळी भरावी लागेल. मोठ्या गेममध्ये कन्नड आवाज घालायचं कामही सुरू आहे. त्यानं शिव्या वाढल्या तर तीही प्रश्नावली पुन्हा भरायची, कारण मजकूर बदलून उत्तर बदलत असेल तर जुना शिक्का चालत नाही. रामदुर्गच्या मित्रानं संवादांची वही पाठवलीय. त्यातल्या कुठल्या शिव्या ठेवायच्या यावर येत्या रविवारी आम्ही तिघं बसणार आहोत.