पर्मनंट कधी होणार? तुम्ही विचारलंत म्हणून

नातेवाईक विचारतात, सोसायटीतले काका विचारतात: "हिंजवडीत एवढ्या मोठ्या कंपनीत बसता, मग पर्मनंट का करत नाहीत?" एकदाच सविस्तर सांगून टाकावं म्हणतो.

पर्मनंट आहेच. पण त्या मोठ्या कंपनीत नाही, पेरोल कंपनीत, म्हणजे आपल्याला कागदोपत्री नोकरीवर ठेवून त्या मोठ्या कंपनीकडे, क्लायंटकडे, कामाला पाठवणाऱ्या कंपनीत. तिच्या अपॉइंटमेंट लेटरवर तसंच छापलेलं असतं. बसायचं क्लायंटकडे, गळ्यातली पट्टी वेगळ्या रंगाची, पगार पेरोल कंपनीचा. आणि ती क्लायंटला आपल्या तासांचं बिल लावते. दिवसाला 8 तास, 22 दिवस, म्हणजे 176 तास. डिसेंबरच्या शेवटी क्लायंटने आठवडाभर ऑफिस बंद ठेवलं की त्याची माणसं मजेत सुट्टीवर. आपली मात्र रजा कापली जाते, रजा उरली नसेल तर पगार.

"पॅकेज तरी जास्त असतं ना!" असतं. 12 लाखांचं धरा, महिना 1 लाख, बेसिक 50,000. पीएफचे दोन्ही हिस्से त्यातूनच, 6,000 अधिक 6,000. ग्रॅच्युइटीचे सुमारे 2,400, व्यवसाय कर 200, आयकर वेगळा. पीएफ निदान आपल्या खात्यात पडतो. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, आणि इथे प्रोजेक्ट वर्षात गुंडाळला जातो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या नोकरीला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. पण आपल्या लेटरवर ‘पर्मनंट’ छापलेलं! आता विचारा पुन्हा.

खरी कसोटी लागते ती रिलीजच्या, म्हणजे क्लायंटकडचं काम संपण्याच्या वेळी. आपण सोडायचं तर 60 किंवा 90 दिवसांची नोटीस. क्लायंटला एक मेल पुरते. शेवटच्या संध्याकाळी लॉगिन बंद होतं, आणि टाइमशीटचं, म्हणजे कामाचे तास भरायचं पोर्टल त्याच लॉगिनच्या आत असतं. शेवटचे आठ-दहा दिवस मंजुरीविना अडकतात. मॅनेजर म्हणतो, सिस्टिममध्ये तुमचं नावच दिसत नाही. पेरोल कंपनी म्हणते, मंजूर तास दाखवा. दोघंही सभ्यपणे बोलतात, पैसे कोणीच देत नाही.

म्हणून तारीख कळली की त्याच दिवशी शेवटपर्यंतचे तास भरून मंजुरी घ्यायची. पोर्टल पुढची तारीख घेत नसेल तर ‘अमुक तारखेपर्यंत कामावर हजर’ एवढी एका ओळीची मेल मॅनेजरकडून, पेरोल कंपनीच्या एचआरला सीसी ठेवून. क्लायंटच्या स्क्रीनचे फोटो स्वतःच्या जीमेलवर पाठवू नयेत. डेटा बाहेर नेल्याचं बालंट येतं. लॅपटॉप, चार्जर, कार्ड परत केल्याची सहीची पावती हवी. कुरिअरने मागवला तर सिरीयल नंबरचा फोटो काढून मगच खोकं बंद करायचं. एका चार्जरपायी नो ड्यूज (काही येणं बाकी नसल्याचा दाखला) अडतं, नो ड्यूजपायी रिलीव्हिंग लेटर, आणि त्यापायी पुढच्या नोकरीचं व्हेरिफिकेशन. नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यावं असं वेतन संहिता 2019 सांगते. सांगते खरी.

पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख पडली का, तेही बघायचं. कंपनीने टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या पोर्टलवर ती आपली आपल्याला टाकता येते. आणि बेंचवर, म्हणजे दोन प्रोजेक्टच्या मधे रिकामं बसल्यावर, पगार किती दिवस, हे कलम सही करण्याआधी वाचायचं. नंतर वाचून काय उपयोग?

पूर्वी माझं ठाम मत होतं, असली नोकरी घेऊच नये. आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही. परदेशी बँकेच्या प्रोजेक्टवर हाताला जे काम लागतं ते मोठ्या सर्व्हिस कंपनीच्या बेंचवर बसून लागत नाही. आणि पर्मनंटवाल्यांनाही एखाद्या दुपारी एचआरचा कॉल येतोच की. पण म्हणून दोन्ही सारखंच, असं कोणी म्हटलं तर तेही पटत नाही. त्यांना निदान टाइमशीटसाठी कोणाच्या मागे धावावं लागत नाही.

राहिलं ‘सहा महिन्यांनी कन्व्हर्ट करू’, म्हणजे क्लायंट स्वतःच्या नोकरीत घेणार. क्लायंटकडे त्या तिमाहीत मंजूर जागा हवी, शिवाय करारात असेल तर पेरोल कंपनीला फी द्यावी लागते. ती फी किती आणि किती महिन्यांनी माफ होते, हे इंटरव्ह्यूतच विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं तर दर वाढवून मागावा.