माल सोडण्याआधी

अतिवेगवान रेल्वेमार्गाच्या कामावर रुजू झालो तेव्हा खडीच्या रुळांवर माझी अकरा वर्षे झाली होती. रूळ आपल्याला कळतात, असा पक्का समज होता. स्लॅब ट्रॅकचे, म्हणजे खडीऐवजी काँक्रीटवर बसवलेल्या रुळांचे, प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत त्यातला बराचसा गळून गेला.

खडीचा रूळ सोशिक. कुठे बसला, कुठे बाजूला सरकला, की टॅम्पिंगचे यंत्र आणायचे, स्लीपरखाली खडी ठोकून घ्यायची, लेव्हल परत मिळते. 'आज एवढे राहू दे, पुढच्या फेरीत काढू' हा त्या कामातला आळस नव्हे, रीतच आहे. जपानचा तोकाइदो शिनकानसेन, जगातला पहिला अतिवेगवान मार्ग, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाला तो खडीवरच, ताशी २१० किलोमीटर वेगाने. पुढे खडी सांभाळण्याचा बोजा वाढत गेला. म्हणून त्यालाच जोडलेला सान्यो मार्ग १९७५ मध्ये हाकातापर्यंत नेताना तिथे मोठ्या प्रमाणात काँक्रीटचे स्लॅब आले. फ्रान्सने मात्र ३०० च्या वर जाऊनही बहुतेक ठिकाणी खडीच ठेवली. म्हणजे खडी टाकाऊ असे मुळीच नाही. माझी अडचण एवढीच, की मी शिकायला आलो होतो स्लॅब आणि डोक्यात खडी भरलेली होती.

लेखी परीक्षा सहज सुटली. वळणावर बाहेरचा रूळ किती उचलायचा, याची गणिते मला आवडतात. ६००० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी १६० किलोमीटरने गेली तर समतोलासाठी साधारण ५० मिलिमीटर कॅन्ट, म्हणजे ही उचल, लागतो. तीच गाडी ३२० ने न्यायची, तर वेग दुप्पट आणि कॅन्ट चौपट, २०० मिलिमीटर. एवढा उचलत नाहीत, कारण गाडी वळणावरच थांबली तर आतले प्रवासी एका बाजूला कलंडतील. म्हणून थोडा कमी देतात आणि उरलेला ओढा प्रवाशाच्या अंगावर सोडतात. पेपरात हे सगळे नीट लिहिले. खरी परीक्षा सरावाच्या पट्ट्यावर होती.

स्लॅब म्हणजे सुमारे पाच मीटर लांबीचे, चारेक टन वजनाचे काँक्रीटचे पान. खाली काँक्रीटचा पाया आधीच ओतलेला असतो आणि त्यातून ठरावीक अंतरावर गोल खुंटे वर आलेले असतात. स्लॅबच्या दोन्ही टोकांना अर्धगोल खाचा असतात, त्या या खुंट्यांना बिलगतात. गाडीचा आडवा आणि पुढचा-मागचा जोर ते खुंटे घेतात. स्लॅब जॅकवर अधांतरी धरायचा, टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीने, मोजत मोजत जागेवर आणायचा आणि मग स्लॅब व पाया यांच्या मधल्या पाचेक सेंटिमीटरच्या फटीत सिमेंट-ॲस्फाल्टचा पातळ माल सोडायचा. माल आवळला की जे बसले ते बसले. रूळ स्लॅबला पकडून ठेवणाऱ्या फास्टनिंगखाली पातळ पट्ट्या सरकवून पुढे थोडेफार उचलता येते, पण ती जागा पुढच्या काळात पाया खचला तर म्हणून राखलेली. आमचे प्रशिक्षक म्हणायचे, "ती तुमची मुदत ठेव आहे. पहिल्याच दिवशी मोडून खाऊ नका."

पहिला स्लॅब मी सकाळी दहाला बसवला. वाचने सुरेख आली, सगळी एका मिलिमीटरच्या आत. रात्री तपासणी गटाने तोच स्लॅब पुन्हा मोजला, तर एक कोपरा अडीच मिलिमीटर बाहेर. मी उपकरणावर संशय घेतला, मग ज्यावर नेम धरून मोजतात ते प्रिझम धरणाऱ्या मुलावर. (त्याची नंतर माफी मागितली.) प्रशिक्षकांनी फक्त वेळ विचारली. दहा म्हटल्यावर हसले.

झाले होते असे. ऊन चढले की काँक्रीटवर गरम हवेचा थर तरंगतो आणि त्यातून जाणारी नजरेची रेघ वाकते. रस्त्यावर दुपारी पाणी दिसल्याचा भास होतो ना, त्याचाच हा धाकटा भाऊ. शिवाय स्लॅबही स्वस्थ पडून नसतो. वरचा पृष्ठभाग तापून पसरतो, खालचा थंड राहतो, त्यामुळे मधला भाग किंचित फुगतो आणि कोपरे खाली येतात. रात्री उलटे. मी स्लॅब मोजला नव्हता, सकाळचे दहा मोजले होते. त्यानंतर अंतिम मोजणी पहाटे, उगवतीच्या आधी. साडेतीनला पट्ट्यावर हजर राहण्याची सवय तेव्हापासून लागली, ती अजून सुटलेली नाही.

दुसऱ्या खेपेला जागा अचूक आणली आणि मालात फसलो. माल किती वाहता आहे ते नरसाळ्यातून तो किती सेकंदांत खाली जातो त्यावरून ठरवतात. फार पातळ झाला तर वाळू खाली बसते, घट्ट झाला तर कोपऱ्यात पोकळी राहते. ते सगळे मी जपले. पण वाहता माल खालून स्लॅबला उचलतो, पाण्यात लाकूड तरंगावे तसा. त्यासाठी वरून दाबून धरणारे बोल्ट असतात. चारपैकी एक मी हाताने हलवून पाहिला, पाना लावला नाही. चार टनांच्या स्लॅबचा कोपरा दोन मिलिमीटर उचलला गेला आणि तसाच आवळला.

तो स्लॅब आम्हीच काढायचा, असा तिथला शिरस्ता होता. आवळलेला माल फोडायला दोन दिवस लागले. पाठीत उसण भरली. मजूर लावता आले असते, यंत्रही होते, पण छिन्नी-हातोडी माझ्या हातात दिली गेली. राग आला होता, कबूल करतो. खडीच्या कामात माझ्या चुका कुणी ना कुणी पुढच्या फेरीत निस्तरत आले होते आणि त्याचा मला पत्ताही नव्हता, हे मला त्या छिन्नीने सांगितले. तिसरा स्लॅब पास झाला. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

रूळ जोडण्याचे काम माझ्याकडे नव्हते, पण जवळून पाहिले. दोनशे मीटरचे लांबलचक रूळ वेल्डिंगने एकसंध करतात. पोलाद तीस अंशांनी तापले तर दोनशे मीटरचा मोकळा रूळ सत्तरेक मिलिमीटर वाढतो. वाढायला जागा तर द्यायची नाही. म्हणून ठरलेल्या तापमानाला ताणमुक्त करून तो कायमचा आवळतात; पुढे उन्हाळ्यात तो दाब पोटात घेतो, थंडीत ताण.

चाचणीच्या गाडीत मला बसायला मिळाले तेव्हा वर्ष उलटून गेले होते. वेग पायरीपायरीने वाढवत नेतात. प्रत्येक पायरीला आलेख तपासायचे आणि मगच पुढची. ३२० ला गाडी सेकंदाला जवळपास ८९ मीटर जाते. माझा एक स्लॅब सेकंदाच्या अठराव्या हिश्श्यात मागे पडत होता. एवढ्या वेगात चालकाला बाजूचा सिग्नल वाचता येणार नाही आणि गाडी थांबायला तीन-चार किलोमीटर लागतात, म्हणून वेगाची परवानगी थेट त्याच्या केबिनमध्ये दिसते. छतावर वेगळाच खेळ. पँटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा छतावरचा हात, तारेला वर ढकलतो, तारेत लाट उठते, आणि गाडीचा वेग त्या लाटेच्या वेगाच्या बराच खाली ठेवावा लागतो. तार जितकी ताणलेली तितकी लाट वेगवान. ३ एप्रिल २००७ ला फ्रान्समध्ये एका खास गाडीने ताशी ५७४.८ किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हाही तारेचा ताण वाढवून ठेवला होता.

मी खिडकीबाहेर पाहिलेच नाही. पडद्यावर उभ्या धक्क्यांचा आलेख सरकत होता आणि माझा पट्टा यायच्या आधी घशाला कोरड पडली. तेवढ्यात आलेखात एक टोक वर उडाले. किलोमीटर पाहिला. माझा नव्हता, पुढच्या गटातले एक वेल्ड होते, मिलिमीटरच्या काही दशांशांचा उंचवटा. मला बरे वाटले, आणि ते लपवण्याइतका वेळही मिळाला नाही. शेजारी त्या गटाचा अभियंता बसला होता. दोन रात्रींनी ते वेल्ड घासून सपाट केले.

मार्ग सुरू झाल्यावर मी रात्रपाळीच्या देखभालीत गेलो. शेवटची गाडी गेल्यापासून सकाळच्या पहिल्या गाडीपर्यंतचे काही तास, तेवढीच आमची दुनिया. आत जाताना प्रत्येक अवजार मोजून न्यायचे, येताना मोजून आणायचे. रुळावर राहिलेला एक पाना ३०० च्या वेगाला काय करील, याचे चित्र प्रशिक्षणातच दाखवले होते. सगळे बाहेर आले की पहाटे एक तपासणी वाहन रिकाम्या मार्गावरून जाते आणि मगच प्रवाशांची गाडी सुटते.

एका रात्री बेचाळीस वस्तू आत गेल्या आणि एक्केचाळीस परत आल्या. टॉर्च कमी. आम्ही सातजण दोन किलोमीटर उलटे चालत गेलो, मोबाइलच्या उजेडात. फटी पाहिल्या, केबलच्या नाल्या उघडल्या. नियंत्रण कक्षातून दर पाच मिनिटांनी फोन. "साहेब, मिळाली का?" मुकादम विचारायचे आणि मी मान हलवायचो. परतलो, पुन्हा सगळे मांडून मोजले. मोजणीच्या फलकाला उजेड हवा म्हणून टॉर्च फलकाच्याच मागे टांगलेली होती. चालू स्थितीत. टांगणारा मीच.

पहिली गाडी सहा मिनिटे उशिरा सुटली. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात मी लिहिले : टॉर्च, एक. आणि खाली सही केली.