रोवणीच्या दिवसांतली पिटो ट्यूब

आमच्या धावपट्टीच्या तिन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आहेत. रोवणी सुरू झाली की चिखल, आणि चिखल झाला की कुंभारीण माश्या. मी फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये विमानांची देखभाल करतो, त्यामुळे पावसाळ्यात ढगांपेक्षा या माश्यांकडे माझं लक्ष जास्त असतं. त्यातच या दिवसांत उड्डाणं कमी होतात आणि विमानं नुसती उभी राहतात. माशीला आणखी काय हवं?

हँगरच्या भिंतीवर मातीचं घर बांधते ती बारीक कमरेची कुंभारीण आम्हाला फारसा त्रास देत नाही. स्वतःचं घर बांधते, त्यात कोळी कोंबते आणि निघून जाते. खरी डोकेदुखी तिच्या धाकट्या बहिणीची, जिला आयतं भोक लागतं. घरातल्या प्लगच्या भोकात अचानक चिखल सापडतो ना, ते तिचंच काम. आत बधिर केलेल्या अळ्या ठेवायच्या, अंडं घालायचं, तोंड लिंपून टाकायचं. आता आमच्या शिकवणीच्या विमानाची, सेसना 172 ची, डाव्या पंखाखालची पिटो ट्यूब, म्हणजे वेग मोजायची नळी, तिच्या नजरेनं बघा: आडवी, कोरडी, पावसापासून वर पंखाचं छत. असा फ्लॅट नागपुरात मिळत नाही.

या नळीच्या तोंडात समोरून येणाऱ्या हवेचा दाब शिरतो. स्टॅटिक पोर्ट म्हणजे विमानाच्या अंगावरचं बारीक भोक, तिथून बाहेरचा शांत दाब मिळतो. दोन्हींतल्या फरकावर वेगाचा काटा चालतो. ऑन्री पिटो या फ्रेंच माणसानं 1732 मध्ये सीन नदीच्या पाण्याचा वेग मोजायला ही युक्ती काढली, आणि आज पोरांचा जीव तिच्यावर असतो.

नळीचं नुसतं पुढचं तोंड बुजलं आणि पाणी निथळायचं मागचं भोक उघडं राहिलं, तर काटा शून्यावर येतो. हे बरं म्हणायचं. धावपट्टीवर पळतानाच काटा हलत नाही हे दिसतं आणि विमान थांबवता येतं. वाईट ते दोन्ही बुजल्यावर. आत कोंडलेला दाब तसाच राहतो, विमान वर चढेल तसा बाहेरचा दाब घटतो आणि काटा वेग वाढल्याचं सांगू लागतो. पोरगं वेग कमी करायला नाक आणखी वर उचलतं. विमान खरं तर मंदावलेलं असतं. 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बर्जनएअरचं बोइंग 757 वेगाच्या अशाच खोट्या आकड्यांच्या गोंधळात समुद्रात पडलं. 189 माणसं गेली. विमान आधी बरेच दिवस उभं होतं, पिटो झाकलेल्या नव्हत्या आणि नळीत कुंभारणीनं घर केलं असावं, हीच शक्यता सगळ्यात जास्त धरली गेली.

हे ऐकून सगळे मान डोलावतात आणि संध्याकाळी विमान आत घेतलं की पिटोवर लाल कव्हर चढवतात. इथेच माझं आणि लोकांचं पटत नाही. ही माशी दिवसा काम करते, उन्हात. संध्याकाळी कव्हर घालून तुम्ही झोपलेल्या चोराला बाहेर ठेवता. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एतिहाद कंपनीचं ए330 विमान जमिनीवर साधारण दोन तासच होतं. तेवढ्यात एक पिटो जवळजवळ पूर्ण बुजली होती. मग आमच्याकडे दोन सॉर्टींच्या, म्हणजे उड्डाणांच्या, मधे चहा, ब्रीफिंग आणि गप्पांत जो वेळ जातो, तो काय कमी आहे? म्हणून मी मागे लागलो: पंखा थांबला की कव्हर. इन्स्ट्रक्टर लोक वैतागले. एकजण म्हणाला, "भाऊ, एवढ्या वेळा चढवायचं-काढायचं, एखाद दिवशी काढायचंच राहील."

त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याच ब्रिस्बेनहून 2018 मध्ये मलेशिया एअरलाइन्सचं ए330 माश्यांसाठी लावलेल्या कव्हरांसकट उडालं. सुखरूप उतरलं, पण वेगाच्या काट्यांविना. 1996 च्या ऑक्टोबरमध्ये लिमाहून निघालेलं एरोपेरूचं विमान तर धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली टेप तशीच राहिल्यामुळे पडलं, 70 माणसांसकट. म्हणून आमच्याकडे टेप लावायचीच तर भडक रंगाची, आणि कव्हराची लाल पट्टी हातभर लांब. मळून विटकरी झालेली पट्टी मी फेकून देतो. फाटलेलं कव्हरही. त्याच्या शिवणीत कुंभारीण शिरलेली मी पाहिली आहे. शिवाय कव्हर चढलेलं असताना कोणी पिटो हीटचं, म्हणजे नळी तापवायचं, बटण दाबलं तर प्लास्टिक वितळून नळीला चिकटतं, मग मला दिवसभराचं काम.

पिटोचं एवढं कौतुक होतं की इंधनटाकीच्या व्हेंटकडे कोणी बघत नाही. तीही डाव्या पंखाखाली, साधी नळी. इंधन खाली जाईल तशी टाकीत हवा यायला हवी. ती अडली की आत ओढ तयार होते, आणि टाकीत इंधन असूनही इंजिन उपाशी राहतं. त्याचा काटा डॅशबोर्डवर नाही. इथे घट्ट बूच नको, उन्हात इंधन फुगतं. हवा जाईल आणि माशी अडेल अशी बारीक जाळीची टोपी मी पसंत करतो, तिलाही लाल पट्टी आणि तीही उडण्याआधी काढायची.

चिखल सापडलाच तर तार घालून उकरू नका, ढेकूळ आत जातं. आणि तोंडानं फुंकर तर अजिबात नाही. नवी पोरं हमखास फुंकतात, आणि आतलं नाजूक यंत्र कामातून जातं. नळी यंत्रापासून सोडवायची, आतून बाहेर हलक्या दाबाची कोरडी हवा सोडायची, मग जोडून गळती तपासायची. हे आमचं काम, विद्यार्थ्यानं फक्त सांगायला यायचं.

तोंड लावायची मुभा एकाच भोकाला आहे. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला स्टॉल वॉर्निंगचं, म्हणजे विमान फार मंदावलं की भोंगा वाजवून सावध करणारं, भोक असतं. त्यावर स्वच्छ रुमाल ठेवून हवा ओढली की भोंगा वाजतो. पंखाला तोंड लावून उभं राहायला पोरं लाजतात, मित्र मोबाइल काढतात. काढू द्या. रुमाल मात्र ठेवाच, आत मुंगळा आहे की नाही हे ओढल्याशिवाय कळत नाही.