चोवीसवर ठेव भो

आमच्या एसीच्या रिमोटवरचे वर-खालीचे दोन बाण पार पुसले गेलेत. शेजारचं टायमरचं बटण मात्र अजून कोरं करकरीत.

मे महिन्यातली जळगावची दुपार. मुलगा उन्हातून आला की चप्पल काढायच्या आधी एसी १६ वर नेतो. त्याला कितीदा सांगितलं, १६ केल्यानं खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही एवढंच. ‘चोवीसवर ठेव भो.’ ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबानं एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे स्टारवाले एसी २४ वर लावूनच येतात. वीज काय आभाळातून पडते? इकडे भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो. मुलगा मान डोलावतो आणि बाण दाबतो.

अमेरिकेत म्हणे घराचं तापमान राखणाऱ्या, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटमध्ये आठवड्याचं वेळापत्रक भरून ठेवतात. माणसं कामावर गेली की हीटर मंद, परतायच्या वेळेला घर पुन्हा ऊबदार. तिथलं ऊर्जा खातं सांगतं, रोज आठ तास ७ ते १० अंश फॅरनहाइटचा फरक ठेवला तर वर्षाकाठी १० टक्क्यांपर्यंत खर्च वाचतो. तरी २००९ संपता संपता या यंत्रांचं ‘एनर्जी स्टार’ हे ऊर्जा वाचवणाऱ्या वस्तूंवरचं चिन्ह बंद झालं. नुसतं यंत्र बसवून वीज वाचेना. कितीतरी लोक वेळापत्रक धड वापरतच नव्हते. हे वाचून मला फार बरं वाटलं. तिकडचंही बटण कोरंच!

गावच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घराचं वेळापत्रक आजीच्या डोक्यात होतं. ऊन ओट्याच्या वरच्या पायरीवर आलं की दारं-खिडक्या बंद. नंतर कोणी फट जरी केली तरी शिव्या. आत अंधार, जाड मातीच्या भिंती, कोपऱ्यात ओल्या रेतीवर माठ. ऊन कललं की अंगणात सडा, दिवेलागणीला दारं सताड उघडी, आणि अंथरुणं धाब्यावर. पहाटे चक्क गोधडी ओढायला लागायची. उगाच गोडवे गायला नकोत. घामोळ्यांनी पाठ सोलून निघायची ती निघायचीच. आता डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आहे. दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती धग खाली सोडत बसतो. त्याच्यापुढे आजीचंही काही चाललं नसतं.

पण त्या बंद घरात आजी स्वतः कुठे असायची? चुलीपुढे. घरभराच्या ज्वारीच्या भाकऱ्या थापत.

आमच्याकडेही एसी बेडरूममध्येच. स्वयंपाकघरात पंखासुद्धा लावता येत नाही, गॅस फडफडतो. बायको मधेच आत येते, पदरानं मान पुसत एसीपुढे उभी राहते, आणि कुकरची शिट्टी झाली की परत जाते. सोळा की चोवीस, या वादात तिला काडीचाही रस नाही.