भातुकली वसईत परत आली, त्याचा हिशेब

वडिलांनी वसई पूर्वेला, वालीवमध्ये गाळा घेतला तेव्हा आमचा माल म्हणजे शिट्ट्या, पिचकाऱ्या आणि भातुकलीची भांडी. प्लास्टिक साच्यात ओतून वस्तू काढणारी, हाताने दाबायची मोल्डिंग मशीन, होळी आणि दिवाळी हे दोन सीझन, आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवरचे ठरलेले घाऊक व्यापारी. नफा फार नव्हता, पण मशीन बंद राहत नसत.

एप्रिल २००१ मध्ये आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठले आणि त्याच वर्षी डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. त्यानंतर बाजारात ज्या भावाने चायना सेट येऊ लागले, त्या भावात आमच्या प्लास्टिकच्या दाण्याचा आणि विजेचा खर्चही निघत नव्हता. चीनमध्ये शांतौजवळच्या चेंगहाईत तेव्हाच एका भागात मोल्ड म्हणजे साचे करणारे, रंगवाले, खोकेवाले, मोटारवाले सगळे शेजारी-शेजारी होते. वडिलांनी मशीन विकली आणि आम्ही आयातदार झालो. घर चाललं, मुलांची शिक्षणं झाली. पण आमचे ऑपरेटर पांगले आणि मोल्डला हाताने पॉलिश मारणारे कारागीर दमणच्या कारखान्यांकडे गेले. त्याची किंमत पुढे कळली.

२०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचा सीमाशुल्काचा दर २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेला, २०२३ मध्ये ७० झाला. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह सक्तीचं झालं. आम्ही आयात सोडून वसईत पुन्हा भातुकली बनवू लागलो, तेव्हा लोक म्हणतात, करामुळे तुम्ही परत आलात. कर नसता तर आलो नसतो, हे खरंच आहे. पण आमच्या वहीत त्याच्या बरोबरीने आणखी दोन गोष्टी होत्या: भाडं आणि अडकलेला पैसा.

भातुकलीच्या खोक्यात बरीचशी हवाच असते. मोबाइल फोनचा कंटेनर आणि आमचा कंटेनर एकाच भाड्याने येतो, पण त्यातल्या मालाची किंमत बघा. चाळीस फुटी हायक्यूबमध्ये, म्हणजे जरा उंच कंटेनरमध्ये, व्यवहारात साधारण ६८ घनमीटर माल बसतो. बारा सेटचा एक कार्टन ०.०६ घनमीटरचा धरला तर सुमारे १३,६०० सेट. डॉलर ७५ रुपयांचा धरून, भाडं दीड हजार डॉलर असेल तर सेटमागे आठ रुपये पडतात, सहा हजार झालं तर तेहतीस. घाऊक बाजारात दोन-पाच रुपयांवरून सौदा मोडतो, तिथे पंचवीस रुपये कोण सोसणार? २०२१ च्या सप्टेंबरात जगातल्या प्रमुख मार्गांवर चाळीस फुटी कंटेनरचं सरासरी भाडं १०,००० डॉलरच्या वर गेलं होतं. त्याआधी मार्चमध्ये सुएझ कालवा सहा दिवस अडला, मे-जूनमध्ये चीनच्या यांटियन बंदराचं काम मंदावलं. जहाजांचं वेळापत्रक नावालाच उरलं होतं, आणि दिवाळीचा माल देवदिवाळीला न्हावा शेवाला उतरला तर तो पुढच्या वर्षीचाच माल.

पैशाचं तर कोणी बोलतच नाही. ऑर्डर देताना तीस टक्के आगाऊ, माल जहाजावर चढला की बाकी सत्तर. मग समुद्र, कस्टम, गोडाऊन, आणि त्यानंतर व्यापाऱ्याची साठ-नव्वद दिवसांची उधारी. खेळतं भांडवल वर्षातून जेमतेम दोनदा फिरायचं. इथे दाणा सोमवारी आला तर शनिवारी टेम्पो भरतो. युनिटमागे आमचा खर्च चीनपेक्षा जास्त आहे, आजही. पण तोच रुपया वर्षात चार-पाच वेळा फिरतो आणि न खपलेल्या डिझाइनचे ढीग गोडाऊनमध्ये साठत नाहीत. निव्वळ फॅक्टरी-भावाची तुलना करून ‘भारतात परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे रकाने भरून बघावेत, एवढं माझं मनापासून सांगणं आहे.

सुरुवात मात्र जड गेली. कुकर-सेटचा मोल्ड आमच्या पैशाचा होता, पण तो चीनमधल्या पुरवठादाराच्या कारखान्यात. तो हातात यायला बराच काळ आणि बरीच बोलणी लागली. आला तेव्हा आमच्या मशीनच्या प्लेटवर बसेना, पाण्याच्या नळ्यांचे जोड वेगळे. पहिल्या शॉटला कुकरच्या काठाला एवढा फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून निसटलेलं जादा प्लास्टिक, आला की बोट फिरवलं तर ओरखडा उठावा. तो काठ दुरुस्त करायला जुना पॉलिशवाला शोधत फिरलो. सत्तरी गाठलेला तो माणूस नातवाला घेऊन गाळ्यावर आला आणि भिंगाखाली दगड फिरवत बसला. आता संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये साचेकाम शिकलेली दोन मुलं आमच्याकडे आहेत. नवा मोल्ड वसईतच करून घेतो. चीनच्या मानाने महाग पडतो, पण बिघडला की दुपारपर्यंत दुरुस्त.

बीआयएसबद्दल बरेच उद्योजक कुरकुरतात. खर्च आहे, कागद आहेत, मान्य. पण आयएस ९८७३ या खेळण्यांच्या सुरक्षेच्या भारतीय मानकातली चाचणी एकदा स्वतः करून बघावी. ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं असतं. खेळण्याचा जो तुकडा दाब न देता त्यात पूर्ण मावतो, तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. आमच्या कुकरची सुटी शिट्टी त्यात अलगद मावली. हा नियम तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आहे आणि आमचा सेट तीनच्या पुढच्यांसाठी. पण घरात धाकटं भावंड असतंच. शिट्टी झाकणाबरोबरच मोल्ड करून टाकली.

डिझाइनचा फायदा तर हिशेबात धरलाच नव्हता. चेंगहाईच्या सेटमध्ये ओव्हन आणि पिझ्झा असायचा. आम्ही पोळपाट-लाटणं, सोऱ्या, पाटा-वरवंटा घातला. विदर्भातल्या व्यापाऱ्यांची पहिली मागणी आता त्याच सेटची असते, आणि तीनशे नगांची ऑर्डरही आम्ही घेऊ शकतो. तिकडे एवढ्या मालाला कोणी दारात उभं करत नाही.

नोकऱ्यांचं खरं चित्र सांगायला हवं, कारण भाषणांत ते फार फुगवलं जातं. २००१ नंतर गेलेल्या नोकऱ्या तशाच्या तशा परतलेल्या नाहीत. मशीन आता स्वयंचलित आहे, एक ऑपरेटर दोन मशीन बघतो. चीनमध्ये हाताने होणारं स्प्रे पेंटिंग आम्ही ठेवलंच नाही, रंग मास्टरबॅचमधूनच, म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळायच्या रंगीत दाण्यातूनच, येतो. माणसं लागतात ती जुळणीला आणि पॅकिंगला. तिथे नालासोपारा, विरारहून लोकलने येणाऱ्या बायका आहेत. पगाराच्या यादीत आम्ही मोठे दिसणार नाही. पण खोकेवाला गोखिवऱ्यातला, लेबल छापणारा पलीकडच्या गल्लीतला, मोल्डवाला सातिवलीचा. आयातीच्या काळात यातलं एकही बिल वसईत फाटत नव्हतं.

देशपातळीवरही आकडे हललेत. वाणिज्य मंत्रालयाच्या हिशेबाने २०१८-१९ मध्ये सुमारे ३७ कोटी डॉलरची खेळणी आयात झाली होती, २०२१-२२ मध्ये ती ११ कोटींवर आली. पण ७० टक्के कर शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशातूनच जातो, आणि तो कायमचा राहील असं धरून मशीन घेणं मला पटत नाही. उद्या दर पुन्हा २० झाला तर भातुकली टिकेल, कारण ती अवजड, स्वस्त आणि आपल्या घरातली आहे. रिमोटची गाडी टिकणार नाही. तिची मोटार, सर्किट, आवाजाची चिप आजही बहुतेक चीनचीच. सरकारनेही २०२३ ची वाढ करताना इलेक्ट्रॉनिक खेळण्यांचे सुटे भाग वगळले, ते योग्यच झालं.

म्हणून सध्या आम्ही गाडीच्या मागे लागलेलो नाही. पुढच्या मोल्डचं ड्रॉइंग जात्याचं आहे, खुंटा धरून खरंच फिरणारं. खुंटा सुटून निघणार नाही असा बसवायचा कसा, यावर टूलरूमच्या मुलांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.